हाताशी ठेवलेली नवरी

ज्या वर्षी याकीमच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं आणि त्याला वेदीवरून उतरवून लाकडांच्या कोठीत बसवलं, त्याच वर्षी त्याच्या लेकीला, शप्पीराला, बारा वर्षं पूर्ण झाली. यरुशलेमच्या खालच्या पेठेत, तळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर त्यांचं घर होतं. घरात माणसं तीनच. याकीम, शप्पीरा आणि याकीमची धाकटी बहीण योहाना. शप्पीराची आई तिला जन्म देताना गेली होती. तेव्हापासून योहानानेच पोर वाढवली.

याकीम जन्माचा याजक. पण अंगात खोट आली की याजकाला वेदीजवळ जाता येत नाही. अर्पणातला वाटा मिळतो, काम तेवढं बदलतं. मंदिराच्या आवारात एका कोपऱ्यात अशा खोट आलेल्या याजकांना बसवतात, आणि ते वेदीसाठी आलेलं लाकूड तपासतात. लाकडात एक जरी कीड सापडली तरी ते वेदीला चालत नाही. दिवसभर कोणीतरी बाजूला उभं राहून ओंडके हातात देत जायचं, आणि याकीम ते उजव्या डोळ्याजवळ धरून फिरवून पाहायचा.

सहाव्या महिन्याचा शेवट होता. धाब्यावर अंजिरं वाळत घातली होती. योहाना एक पांढरा तागाचा झगा पाण्यात बुडवून पिळत होती, आणि शप्पीरा बापाच्या तळहातातली कुसळं सुईने काढत होती.

"हलू नका बाबा. आत जाईल."

"कुसळ काढतेस की बोट?"

"बोट राहू दे. लागेल कशाला तरी." तिने एक कुसळ दाताने ओढून काढलं. "आज किती टाकलीत?"

"निम्मा गठ्ठा."

"एवढी कीड?"

"कीड नाही दिसली. शंका आली."

"नुसत्या शंकेवर टाकलंत?"

"वेदीच्या कामात शंका आली की टाकायचं, पोरी. ते लाकूड काय आपल्या घरचं आहे? टाकणाऱ्याचं काही जात नाही."

शप्पीराने मान हलवली, पण तिचं लक्ष झग्याकडे होतं. प्रायश्चित्ताच्या दिवशी, उपास सरत आला की शहरातल्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जातात. कपडा मात्र प्रत्येकीने दुसरीकडून मागून आणायचा. श्रीमंताच्या पोरीनेसुद्धा. म्हणजे जिच्याकडे नाही तिला लाज वाटायला नको. शप्पीराला हा झगा मिल्काने दिला होता. मिल्का वरच्या बोळातल्या एका याजकाची बायको. तिच्या मुलासाठी, अबियासाठी, शप्पीराला मागणी घातलेली होती. मांडवांचा सण झाला की सोयरीक पक्की करायची होती.

"आत्या, लांब होतोय का गं?"

"होऊ दे. पुढच्या वर्षी बरोबर होईल."

"पुढच्या वर्षी कुठला नाच? तेव्हा मी मिल्कामावशीच्या घरी भाकऱ्या थापत असेन."

"ऐकलंस, दादा? हिला सासरची घाई झालीये."

याकीम हसला. तेवढ्यात खालून कोणीतरी धापा टाकत वर येताना ऐकू आलं.

आलेला माणूस होता पशहूर, महायाजकाच्या घरचा कारभारी. महायाजक बदलत, कारभारी तोच राही. अंगाने चांगला भरलेला. धाब्यावर पोचल्यावर त्याने आधी भिंतीला टेकून श्वास घेतला.

"याकीम, या पायऱ्या आहेत की शिक्षा?"

"आम्ही रोज भोगतो," योहाना म्हणाली. "तुम्ही आज कशापायी?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि नजर पटकन काढून घेतली. मग याकीमशेजारी बसून त्याने शप्पीराचं वय विचारलं. योहानाच्या हातातला झगा तिथेच राहिला. पुढचं सगळं तिला ऐकण्याआधीच कळलं होतं.

रीत अशी होती. वर्षातून एकदा, त्या एका दिवशी, महायाजक परमपवित्रस्थानात जातो आणि आधी स्वतःसाठी व आपल्या घरासाठी क्षमा मागतो. घर म्हणजे त्याची बायको, असा शास्त्र्यांनी अर्थ लावलेला. बायको नसेल तर घर नाही, आणि घर नाही तर तो दिवस साऱ्या लोकांना फुकट. मग त्याच दिवशी बायको मेली तर? म्हणून दुसरी एक हाताशी तयार ठेवायची. महायाजकाला विधवा चालत नाही, सोडलेली चालत नाही, वयात पुरती आलेलीही चालत नाही. बारा वर्षांची कोवळी पोर लागते, आणि ती गरीब याजकाच्याच घरून येते. दोन साक्षीदारांसमोर शब्द बोलायचे, की माझी बायको मेली तर तू माझं घर. दिवस सुखरूप पार पडला की पोरीच्या बापाच्या हातात सूटपत्र, म्हणजे काडीमोडाचं पत्र, ठेवायचं आणि तिला घरी धाडायचं.

पोर असते तशीच परत येते. कोणी बोटही लावलेलं नसतं. पण सूटपत्र मिळालेल्या बाईशी कोणताही याजक लग्न करू शकत नाही, आणि याजकाची पोर याजकाच्याच घरात जायची असते.

"बाईसाहेबांना उन्हाळ्यापासून खोकला आहे," पशहूर सांगत होता. "म्हणून जरा चांगल्या घरातली बघायला सांगितलंय. मान आहे, याकीम. साऱ्या पेठेत तुझ्याच लेकीवर नजर गेली."

"आणि तीही मेली तर?" योहाना म्हणाली. "तिसरी ठेवणार? मग चौथी? अख्खी पेठच रांगेत उभी करा की."

"बहिणीला जरा आवर, याकीम."

"एकवीस वर्षं आवरूनच आहे मी."

पशहूरने तिच्याकडे पाहिलंच नाही. आवाज खाली आणून तो बोलत राहिला. लाकडांच्या कोठीत एक मुकादम नेमायचा आहे. मुकादमाला बळीच्या जनावरांच्या कातड्यांचा वाटा मिळतो, आणि वरच्या पेठेतल्या बड्या याजकांची माणसं काठ्या घेऊन तो हिसकायला येत नाहीत. नाहीतर एक डोळा गेलेल्या माणसाचा दुसराही कधी जाईल सांगता येत नाही, आणि आंधळ्याला लाकूड कोण तपासायला देणार? हे सगळं तो अगदी मायेने म्हणाला.

योहाना बारा वर्षांची असताना अशीच गेली होती. तेव्हाचा महायाजक वेगळा होता. रोमी सुभेदाराच्या मर्जीने वर्षा-दोन वर्षांनी ते बदलत. आठ दिवसांनी परत आली तेव्हा चौदा वर्षांचा याकीम पायरीवर बसला होता. तिला ठरलेला मुलगा महिन्याभरात दुसरीकडे गेला. पेठेतल्या बायका तिला 'वाट पाहणारी' म्हणू लागल्या, कारण ती एका बाईच्या मरणाची वाट पाहत बसली होती. कुणाची सून बाळंत व्हायची असली की दार लोटून घेत. तळ्यावर तिचा घडा भरेपर्यंत बाकीच्या लांब उभ्या राहत. याजक नसलेल्या एका-दोन घरांनी विचारलं होतं, पण तेही शेवटी म्हणाले, "जी दुसरीच्या मरणासाठी बसवली, ती आपल्या घरात कशाला?"

पशहूर गेल्यावर ती भावाला म्हणाली, "दादा, तू बघितलं आहेस. तुला सांगायला नको."

"बघितलं आहे. म्हणूनच मी अट घालणार आहे."

"कसली अट?"

"सूटपत्र लिहायचंच नाही. बाई जगल्या तर बोललेले शब्द बोललेच नव्हते असं धरायचं. पत्र नाही, म्हणजे डाग नाही. मग अबियाच्या घरी कोण काय म्हणेल?"

"ते कबूल करतील. आणि मग?"

"पशहूर शब्द देईल."

"एवढ्या चढणीला त्याचा श्वास पुरत नाही, शब्द किती पुरेल?"

याकीमला राग आला. तो म्हणाला, नाही म्हटलं तर कोठी जाईल, कोठी गेली तर वाटा जाईल, तुम्ही दोघी काय खाल? योहाना म्हणाली, मी एकवीस वर्षं तुमचा तो पवित्र वाटा खाते आहे, त्यापेक्षा उपाशी बरी होते. मग त्यांना दिसलं, शप्पीरा जिन्यात उभी होती.

"मी जाते," ती म्हणाली. "आठ तर दिवस. नाच राहील फक्त."

पशहूरने दुसऱ्याच दिवशी शब्द दिला. खुशीने दिला.

मिल्काला योहाना स्वतः सांगायला गेली. मिल्काने सगळं ऐकून घेतलं, कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि म्हणाली, "पत्र नसेल तर माझी काही हरकत नाही. पोर गुणाची आहे. पण पत्र आलं, तर मला बोल लावू नकोस, योहाना. उद्या माझ्या नातवंडांना वेदीवरून हाकलतील."

सातव्या महिन्याच्या तीन तारखेला शप्पीराला वरच्या पेठेत नेलं. प्रायश्चित्ताच्या दिवशी संध्याकाळी शहरभर आनंद झाला. महायाजक सुखरूप बाहेर आला होता. मळ्यांतून मुलींची गाणी ऐकू येत होती. याकीम आणि योहाना दारात उभी राहून पायऱ्यांकडे बघत होती.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बरोबर पशहूरचा लेखनिक आणि दोन साक्षीदार. शप्पीरा धावत येऊन आत्याच्या कुशीत शिरली. लेखनिक याकीमच्या डाव्या बाजूला उभा राहिला, म्हणजे ज्या बाजूचं त्याला दिसत नव्हतं त्या बाजूला, आणि म्हणाला, "हे घ्या."

कोठीत दिवसातून शंभरदा त्याच बाजूने कोणीतरी "हे घ्या" म्हणे. याकीमचा हात पुढे झाला. बोटं मिटली तेव्हा त्यांत लाकूड नव्हतं, गुंडाळलेलं कातडं होतं.

"हे काय?"

"सूटपत्र. खबरदारी म्हणून."

"पण ठरलं होतं की..."

"ठरलं असेल. पण शास्त्र्यांना शंका आली. उद्या कोणी म्हणायला नको, की महायाजकाच्या घरात दोन बायका होत्या. शंका नको म्हणून दिलं, एवढंच." त्याने साक्षीदारांकडे पाहिलं. "पाहिलंत ना?"

"पाहिलं," दोघं म्हणाले.

हाताला विंचू लागावा तसं याकीमने ते पत्र झटकलं. ते पायरीवर पडलं. पण साक्षीदारांदेखत ते एकदा हातात आलं होतं, पडून आता काही उपयोग नव्हता.

त्या दिवशी शप्पीरा धाब्यावर बसून आत्याला सांगत होती. "त्यांच्या खोलीच्या बाहेरच मला बसवलं होतं. आत खोकला आला की सगळे माझ्याकडे बघायचे. एकदा बाईसाहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, 'तोंड तिकडे कर. तू बघितलंस की मला मेल्यासारखं होतं.' मग मी भिंतीकडे तोंड करून बसले."

"किती वेळ?"

"निघेपर्यंत. पण आत्या, मी देवाकडे मागत होते, त्या जगू दे म्हणून. खरंच मागत होते. सारखी."

योहानाने तिची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

मांडवांचा सण संपल्यावर योहानाने भावाला उठवलं आणि वंशाची शुद्धता तपासणाऱ्या सभेपुढे नेलं. दगडी दालनात म्हातारे अर्धगोलात बसले होते. बाईला आत जाता येत नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिथूनच बोलली. शब्द सशर्त होते. अट पुरी झाली नाही. लग्न झालंच नाही. जे झालं नाही ते सोडणार कसं?

एका शास्त्र्याने कबूल केलं की मुद्दा चुकीचा नाही. पण प्रमुखाने मान हलवली. "याजकाच्या घराला पत्राची सावली पडली तरी पुरे. आता एकच प्रश्न. याकीम, पत्र तुझ्या हातात पडलं की जमिनीवर?"

योहानाला वाटलं, आता म्हण. जमिनीवर म्हण. पडलं होतंच की जमिनीवर. तिने भावाच्या पाठीकडे पाहिलं. याकीमने आयुष्यभर त्या आवारात खोटं उच्चारलं नव्हतं.

"हातात," तो म्हणाला.

सभेच्या लेखनिकाने लिहून घेतलं. प्रमुख जरा नरमाईने म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. तू जमिनीवर म्हणाला असतास तरी आम्हाला मानता आलं नसतं. बापाची साक्ष लेकीच्या बाजूने धरत नाहीत."

"आणि विरुद्ध धरतात?" योहानाने बाहेरून विचारलं.

"बाई, ही सभा आहे."

"माहीत आहे. तळ्यावर विचारलं असतं तर कोणीतरी उत्तर दिलं असतं."

तिला हात धरून आवाराबाहेर काढलं. याकीम मागून आला. घरच्या पायरीवर बसल्यावर म्हणाला, "हात आपोआप गेला गं."

"मला माहीत आहे, दादा."

योहाना झगा धुऊन, घडी घालून मिल्काकडे घेऊन गेली. मिल्काने दार अर्धंच उघडलं. तिचे डोळे लाल होते. मागे कुठेतरी अबिया उभा होता, तो पुढे आला नाही.

"राहू दे तुमच्याकडेच," मिल्का म्हणाली.

"मागून आणलेला कपडा परत करायचा असतो."

"असतो. पण माझ्या पोरी तो आता घालणार नाहीत. राहू दे."

शप्पीराने त्यावर काही विचारलं नाही. ती धान्य निवडायची, पीठ मळायची, बापाची कुसळं काढायची. एकदा पीठ मळता मळता मात्र म्हणाली, "आत्या, त्या मेल्या असत्या तर मी इथे नसते ना?"

"नसतीस. वरच्या पेठेत असतीस."

"म्हणजे माझंच चुकलं. मी मागायला नको होतं."

"नाही. ते एकच बरोबर झालं या सगळ्यात."

पोरीने ते ऐकलं, पण तिला पटलं नाही. ती तळ्यावर जाईनाशी झाली, मग धाब्यावरही. हिवाळ्यात तिला ताप आला. पेठेत कोणाला ताप आला की बायका आळीपाळीने येऊन बसतात, कोणी कढण आणते, कोणी तेल. या घरात आता वाट पाहणाऱ्या दोघी होत्या. कोणी आलं नाही. अकरा दिवस योहाना एकटी ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत होती. याकीम कोठीतून आला की उंबऱ्यावर बसायचा आणि तळहात पुढे करायचा, आणि तापातसुद्धा ती पोर सुई शोधायची.

घरात दुसरा धड कपडा नव्हता. तिला तो पांढरा झगाच घातला. तो थोडा लांब होत होता.

त्यानंतर कोठीत याकीमचं काम मंदावलं. मुकादमी त्याला मिळाली होती, ती त्याने सोडली. शंका आलेलं लाकूड तो आता टाकीना. कुऱ्हाडीने मधोमध उभं चिरायचा, एकेक शीर उजव्या डोळ्याने पाहायचा, आणि कीड नसेल तर दोन्ही फाकी वेदीच्या गठ्ठ्यात ठेवायचा. सोबतचे ओरडायचे, "अरे, दिवसाला दोन गठ्ठेही होत नाहीत तुझे! शंका आली की टाकून दे ना!"

"आधी चिरून बघू," तो म्हणायचा.

आणि योहाना? दर वर्षी सहावा महिना सरत आला की ती पशहूरच्या मागावर राहायची. तो ज्या दारात जाईल त्या दारासमोर जाऊन बसायची, आणि तो बाहेर पडला की आत जाऊन आपली आणि शप्पीराची हकिगत सांगायची. पहिल्या वर्षी त्या घरच्यांनी तिला हाकललं. दुसऱ्या वर्षी पोरीच्या आजीने अंगावर खरकटं पाणी फेकलं. पाचव्या वर्षी एका आईने सगळं ऐकून घेतलं आणि पशहूर परत आला तेव्हा दार लावून घेतलं. तो पुढच्या दारात गेला. ते उघडं होतं.

ही रीत देवाने सांगितली नव्हती. माणसांना शंका आली होती, आणि शंकेची किंमत दुसऱ्याच्या पोरीने द्यायची होती, म्हणून ती कोणाला जड वाटली नाही. आपल्या दारात कोणी मान घेऊन येईल, तेव्हा तो मान कोणाच्या अंगावरून चालत आला आहे, एवढं तरी आपण विचारतो का?

त्या महायाजकाला सुभेदाराने पुढच्याच वसंतात काढून टाकलं. याकीम आठ वर्षांनी वारला, तेव्हा त्याचा दुसरा डोळाही गेला होता. बाईसाहेबांचा खोकला त्याच हिवाळ्यात बरा झाला. त्या आणखी चौदा वर्षं जगल्या आणि एका उन्हाळ्यात झोपेत गेल्या. शप्पीरा, याकीमची लेक, प्रायश्चित्ताच्या दिवसानंतर चार महिन्यांनी, अकराव्या महिन्याच्या नवव्या दिवशी सकाळी मेली. ती बारा वर्षं सहा महिन्यांची होती.